ओढ्यापलीकडचे व्याही

एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. ओढा लहानच, पण त्याच्या मधोमध दोन राज्यांची हद्द जात होती. गावकऱ्यांना तिचं फारसं काही वाटत नसे. लाकडी साकवावरून सोयरिकी व्हायच्या, आणि संध्याकाळी दोन्ही गावांची गुरं एकाच डोहावर पाणी प्यायची.

या गावांची एक जुनी रीत होती. एखाद्या गावात गुरांचा साथीचा रोग शिरला, की त्या गावाने डोहातल्या खडकावर लिंबाची फांदी रोवायची. ती दिसली की दुसरं गाव आपली गुरं डोहापासून लांब ठेवायचं. एवढंच नव्हे, तर रोगी गावातली धडधाकट वासरं काही दिवस वेगळी बांधून पारखायची आणि मग आपल्याकडे सांभाळायची. साथ ओसरली की वासरं परत. अशाने कुठल्याच गावाचा गोठा कधी पुरता रिकामा झाला नव्हता.

पुढे दोन्ही राजांचं बिनसलं. साकवावर चौकी बसली. पलीकडे जायचं नाही, खूण करायची नाही, निरोप धाडायचा नाही, असा हुकूम आला. अलीकडच्या गावच्या पाटलाची एकुलती एक लेक येसू पलीकडे दिलेली होती. तिला मुलगा झाला, तेव्हा आजोबांनी नातवाला ओढ्याच्या या काठावरूनच पाहिलं.

त्याच वर्षी पाटलाचा थोरला बैल वैरण खाईना. पाटलाने त्याचा जबडा उघडून पाहिला. हिरड्यांवर फोड आले होते, डोळे गळत होते.  बुळकांडी होती, गोठेच्या गोठे रिकामे करणारी गुरांची साथ.

"अहो, आत्ताच्या आत्ता फांदी रोवा," पाटलीणबाई म्हणाल्या.

पाटील चौकीवर गेला. तिथला नाईक वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला, "पाटील, फांदी मला दिसली तर वर कळवावं लागेल. ती फितुरी धरतील. मग तुमचं काय होईल, ते माझ्या हातात नाही."

पाटील परत फिरला. वाटेत त्याच्या मनात आणखी एक विचार आला. आपले बैल बसले हे पलीकडे कळलं, आणि त्यांच्या राजाच्या कानावर गेलं, तर? आपण दुबळे झालो म्हणून तो चालून आला, तर? आधी आपलं गाव सांभाळावं, पलीकडच्यांचं ते पाहतील. हा विचार त्याला फार शहाणपणाचा वाटला. त्याने गावात ताकीद दिली, 'रोगाचा शब्द ओढ्यापलीकडे जाता कामा नये. आपली गुरं नेहमीसारखी डोहावर न्या, नाहीतर त्यांना संशय येईल.'

दुसऱ्या दिवशी पाटील काठावर उभा होता. समोरून येसूचे सासरे आपली गुरं घेऊन उतरले. म्हातारा माणूस, आवाज मात्र खणखणीत.

"राम राम, व्याहीबुवा! गुरंढोरं कशी आहेत?"

पाटलाने चौकीकडे पाहिलं. नाईक पाठ फिरवून उभा होता. मान नुसती हलवली असती, तरी म्हातारा समजला असता.

"बरी आहेत," पाटील म्हणाला.

"बरं झालं!" म्हाताऱ्याने हसून गुरं पाण्यात घातली.

थोड्याच दिवसांत पलीकडे गिधाडं घिरट्या घालू लागली. अलीकडे तर ती आधीच उतरली होती. वासरं पाठवायला जागा उरली नव्हती. तीही आयांच्या मागोमाग गेली. दोन्ही गावांतले गोठे ओस पडले. पेरणीच्या वेळी माणसांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि जेमतेम बांधालगतचे तुकडे नांगरले. दूध नाही, शेण नाही, पुढे दाणाही नाही. दुबळ्या गावावर चालून कोणी आलं नाही. घेण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

एक दिवस येसू पलीकडच्या काठावर आली. तिच्या कडेवर बाळ नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "बाळ गेलं. मला दूध नव्हतं, आणि गावात गाय नव्हती."

पाटील पाण्याच्या कडेपर्यंत उतरला.

"एक विचारायचंय," येसू म्हणाली. " सासऱ्यांनी तुम्हाला गुरांचं विचारलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

पाटलाला खोटं बोलता आलं असतं. एकदा बोललाच होता. पण या वेळी जीभ वळली नाही.

"होय, पोरी."

येसू रडली नाही. "सासरे अजून सगळ्यांना सांगतात, माझ्या व्याह्याला माहीत असतं तर त्याने सांगितलं असतं. आता घरी जाऊन मी काय सांगू?"

 येसू वळली आणि चढण चढून गेली.

काही वर्षांनी राजांचा तह झाला. चौकी उठली, नाईक आपल्या गावी गेला. साकव मोकळा झाल्याची दवंडी दोन्हीकडे पिटली. पाटील रोज सकाळी साकवाच्या तोंडाशी जाऊन बसे. पलीकडून कोणी आलं नाही, आणि पलीकडे जायला त्याचे पाय उचलले नाहीत.

यातून घ्यायचं ते इतकंच: हद्द राजे आखतात आणि राजेच पुसतात, पण संकटाची खबर शेजाऱ्यापासून लपवून आपण जी हद्द आखतो, ती कुठल्याही तहाने पुसत नाही.