मिठाचं नाव

“मग पाटीवर तुमचं नाव घालू ना, अय्या?”

सगुणाबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा अय्या समोरच्या कडुलिंबाकडे बघत होते. आताही तिकडेच बघत होते.

जतच्या पलीकडे, कानडी मुलखाला खेटून असलेला तो मठ. मठ म्हणजे दोन खोल्या, एक ओटा आणि तो लिंब. सगुणाबाई कोवळ्या वयात या गावच्या शाळेवर बाई म्हणून आल्या होत्या. मुलं सगळी कानडी, बाई सगळी मराठी. बाई घसा फोडून शिकवायच्या आणि मुलं त्यांच्या नाकातल्या चमकीकडे बघत बसायची. अखेर हात टेकले आणि चन्नय्यास्वामींच्या, म्हणजे अय्यांच्या, या ओट्यावर येऊन बसल्या. कानडी शिकवा म्हणाल्या.

आज त्याच सगुणाबाई सीमेवरच्या शिक्षकांना भाषा कशी शिकवावी ते शिकवत होत्या. नाव झालं होतं. नावाबरोबर थोडा ताठाही आला होता. येईना का, कुणी ताटात वाढून दिलेला नव्हता. आता स्वतःची शाळा उघडायची होती. तिच्या पाटीवर ‘चन्नय्यास्वामींची रीत’ एवढी अक्षरं हवी होती, आणि ती अय्यांच्या तोंडच्या होकाराशिवाय लिहायची नाहीत असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

“कुठली रीत?” अय्यांनी विचारलं.

“असं काय करता? ज्याचं नाव येत नाही, ते मिळत नाही. तुमचीच की.”

अय्या पुन्हा लिंबाकडे बघू लागले.

सगुणाबाईंना हसू आलं. ते पहिले दिवस काय विसरायचे होते…

मठात स्वयंपाक बिनमिठाचा व्हायचा. ज्याला हवं त्यानं वरून घ्यायचं. जेवायला दोघंच, समोरासमोर, आणि मधे मिठाचं बुटकं मडकं, झाकण घातलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मडक्याकडे बोट केलं. अय्या मान खाली घालून भाकरी मोडत राहिले.

“अय्या, ते… ते द्या ना.”

“बोटाला जीभ नसते, सगुणव्वा.”

मोडक्या मराठीत एवढंच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भाकरी घशाखाली उतरेना. रात्री उशीत तोंड खुपसून त्यांनी म्हाताऱ्याला पोटभर शिव्या घातल्या. त्याही मराठीत, कारण कानडीत येत नव्हत्या.

मग बाजाराचा दिवस आला. सगुणाबाई मीठवालीच्या शेजारी जाऊन फतकल मारून बसल्या. ती बया म्हणाली, उठ, गिऱ्हाइकाची वाट अडवू नकोस. बहुतेक तसंच म्हणाली असावी. या हलल्या नाहीत. एक म्हातारी आली, पदराची गाठ सोडली, म्हणाली, “उप्पु कोड.” मीठवालीनं माप भरून मीठ दिलं.

उप्पु!

मळ्यामळ्यातून धावत आल्या होत्या. वाटेत शब्द सांडेल म्हणून कुणाशी बोलल्या नव्हत्या. दारातूनच ओरडल्या होत्या. अय्यांनी झाकण काढलं. एक चिमूट त्यांच्या भाकरीवर ठेवली, एक आपल्या. काय चव होती त्या घासाला. पुढं लग्नाकार्यांत पंचपक्वान्नं जेवल्या, पण तो घास तो घास. अजूनही कुणी उप्पु म्हटलं की जिभेच्या टोकाला खारट व्हायचं.

“मी रीत सोडली नाही, अय्या,” सगुणाबाई म्हणाल्या. कानडी त्यांच्या तोंडून अशी वाहत होती की परका माणूस फसला असता. “उलट आणखी घट्ट केली. परवा शिक्षिकांच्या वर्गात शिकवून दाखवायला एक कानडी पोरगी बसवली होती, मराठीचं अक्षर येत नाही. दुपारभर तहानलेली. तांब्याकडे बोट दाखवते, खुणा करते, डोळ्यांत पाणी आणते. बाकीच्या बायका म्हणाल्या, द्या हो बाई. मी हलले नाही. सुटायच्या वेळेला बरोबर ‘पाणी’ म्हणाली. जन्मात विसरायची नाही.”

“नाही विसरायची,” अय्या म्हणाले.

“तेच तर!”

लिंबाची सावली ओट्यावरून सरकली होती. अय्यांच्या गुडघ्यांवर ऊन आलं होतं. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली, आणि मग सावकाश हात उचलला.

पाहुणीसाठी ठेवलेला तांब्या सगुणाबाईंच्या बाजूला होता, वर पेला पालथा घातलेला. अय्यांचं बोट तिकडे होतं.

सगुणाबाईंनी तांब्याकडे पाहिलं, बोटाकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. इतक्या वर्षांनी म्हातारा परीक्षा घेतोय तर.

“बोटाला जीभ नसते, अय्या.”

 अय्यांचं बोट तसंच.

“नाव सांगा. नाही तर मिळायचं नाही. मी तुमचीच शिष्या आहे, फसायची नाही.”

  अय्यांच्या गळ्याची घाटी एकदा वर गेली, खाली आली.

सगुणाबाईंनी तांब्या आणखी जवळ ओढला. एसटीतनं उतरून उन्हातनं चालत आल्या होत्या, बोलून बोलून घसाही सुकला होता. वर्गात बोलता बोलता पाणी प्यायच्या सवयीनं त्यांनी पेला सरळ केला, भरला आणि गटागटा पिऊन टाकला. पदरानं तोंड पुसलं.

“हं. मग? घालू ना नाव?”

अय्यांनी बोट मिटलं. हात मांडीवर ठेवला. सगुणाबाईंच्या ओल्या ओठांकडे ते बघत राहिले… रागानं नव्हे. मडक्याचं झाकण काढताना जसे बघायचे, तसे.

“सगुणव्वा.”

“हं?”

“त्या मिठाच्या दिवसांत मीही अळणीच जेवत होतो.”