गलबताची सुटका

दोन राजांचं एकाच समुद्रावरून वाजलं, तेव्हाची गोष्ट. धाकू तांडेलाचं लहानसं गलबत सुके बोंबील घेऊन निघालं होतं. पहिल्या राजाच्या आरमाराने ते अडवलं आणि जाहीर केलं, "तुला शत्रूपासून सोडवलं!" जाताना बोंबील नेले. मग दुसऱ्या राजाने सोडवलं, शीड नेलं. पुन्हा पहिल्याने सोडवलं; या खेपेस डोलकाठी गेली. चौथ्या सुटकेत नांगरही गेला.

शेवटी तह झाला. दोन्ही राजांनी मिळून गलबताला मानाचा शेला पाठवला. तो त्याच्याच शिडातून फाडलेला होता.

धाकू गलबताला म्हणाला, "सुटलंस रे बाबा एकदाचं! आता कुठे जायचं?"

"कुठेच नाही, धाकूदादा. मला धक्क्याला घट्ट बांधून ठेव. आणखी एक सुटका झाली, तर फळीही उरायची नाही."