गावाकडं न फुलणारी सावर

पाहुणे, दमला असाल तर टेका इथं. ही आमची खिंडीतली काटेसावर. नीट बघा तिच्याकडं. दरीच्या अंगाला कळ्यांची दाटी झालीय आणि गावाच्या अंगाला एक कळी नाही. ऊन दोन्हीकडं सारखंच लागतं, तरी या बाजूला ती फुलत नाही. माझ्या आजेसासूनं मला जसं सांगितलं, तसं सांगते.

फार मागं या वाडीत दोन जावा होत्या म्हणे. थोरली मंजुळा, धाकटी गोजरा. दिवाळी झाली की त्यांचे नवरे, थोरला रायाजी आणि धाकटा खंडू, बैलांवर गोणी लादून घाट उतरायचे आणि कोकणातून मीठ घेऊन महिन्याभरात परतायचे. त्या साली मार्गशीर्ष सरला, पौष लागला, तरी दोघांचा पत्ता नव्हता. थंडी अशी, की गवतावरचं दव गोठायचं.

मंजुळा रोज सकाळी खिंडीपर्यंत जाऊन यायची आणि येताना काहीतरी सांगत यायची. "आज ओढ्यावर परीट पक्षी शेपूट हलवत होता." "आज सावरीला कळी धरलीय. एवढ्या गारठ्यात झाड हिंमत करतंय, मग आपली माणसं का नाही यायची?" वाडीतल्या बायका तिच्याभोवती जमायच्या. सासूही तिच्याच तोंडाकडं बघून घास गिळायची.

गोजराला ते बघवेना. दोघींचे धनी एकाच वाटेनं गेलेले, मग उजेड हिच्याच तोंडावर का? ती स्वतः झाडाशी जाऊन आली होती. तिची नजर नुसती काट्यांवरच गेली. आपल्याला दिसत नाही ते हिला दिसतं, यानं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एका दुपारी ती फांद्या ओढायची लांब आकडी घेऊन गेली आणि गावाकडच्या फांद्यांवरची एकूण एक कळी ओरबाडून तिनं दरीत टाकली.

त्या संध्याकाळी मंजुळानं गोजराच्या तळहातातले काटे सुईनं काढले. कशानं रुतले, विचारलं नाही. दुसऱ्या सकाळी ती खिंडीतून परतली ती गप्पच. मग तिनं जाणंच सोडलं. घोंगडी ओढून पडून राहिली. घर मुकं झालं. तेव्हा गोजराला उमगलं, की रोज सकाळी आपलेही कान त्या एका आवाजाकडं लागलेले असायचे.

चौथ्या दिवशी ती पळतच खिंडीत गेली. दरीवर झुकलेल्या फांदीवर, आकडी पोचली नव्हती तिथं, एक कळी फुटून लाल पाकळी दाखवत होती. तिनं मंजुळाला हाताला धरून आणलं.

"जाऊबाई, मीच तोडल्या. तुमचं सुख मला बघवलं नाही."

"ठाऊक आहे मला," मंजुळा म्हणाली. "पण ही तू शोधलीस."

पाच दिवसांनी घाटातून बैलांचे घुंगरू ऐकू आले. खंडू आला, एकटाच. रायाजी घाटाच्या पायथ्याशी तापानं गेला होता.

ओरबाडलेली बाजू पुन्हा फुलली नाही, असं सांगतात. मंजुळानं वाडीच्या टोकाला वेगळी खोपी केली. पुढच्या पौषात गोजराला दरीकडची पहिली कळी दिसली, तशी ती खोपीच्या दारात गेली. या खेपेला जळफळाट मंजुळाच्या तोंडावर होता.

"तुझा माणूस घरात बसलाय. तुला कळ्या दिसायच्याच. जा."

दार लागलं. गोजरा दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. सहाव्या दिवशी मंजुळा डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली आणि तिच्या पुढं खिंडीकडं चालायला लागली.

आजही आमच्याकडं जिला पहिली कळी दिसते, ती आपल्या घरी बोलत नाही. जिचं बरं झालेलं आपल्याला खपत नाही, तिच्या दारात जाते. "कळी आलीय, चल," एवढंच म्हणते. कुणी लगेच उठतं, कुणाला आठवडा लागतो. मी अशाच एकीच्या दारात कालपर्यंत अकरा दिवस उभी राहिले.

आणि ती बघा, खिंड चढून येतेय.