पांढऱ्या माळाची मणीपट्टी

घरात चूल पेटली नाही, की गुंजा सूप घेऊन बाजारात जायची. धान्य मागायला नव्हे, धूळ पाखडायला!

मणिपेठेच्या बाजाराला दूरदूरचे लोक यायचे. डोंगरातले यायचे, समुद्राकाठचे यायचे, उंटांच्या वाटेने वाळूच्या देशातलेही यायचे. प्रत्येकाच्या गळ्यात आपापल्या मुलखाचे मणी झुलत असायचे. गर्दीत एखादा सर तुटायचा, मणी धुळीत हरवायचे. बाजार उठला की गुंजा ती धूळ सुपात घेई, हलकेच फुंकर मारी, आणि मातीतून लुकलुकत वर येत इवले इवले मणी. लाल, निळे, हळदीसारखे पिवळे, पोपटाच्या पंखासारखे हिरवे!

गुंजाची आई पटवेकरीण होती. लोकांचे तुटलेले दागिने रेशमात पुन्हा गाठवून द्यायची. पण खोकल्याने तिला अंथरुणाला खिळवलं होतं. मग गुंजाच जमेल तसे सर ओवायची आणि विकायची. तरी एखादं लेकरू आपला मणी शोधत रडत आलं, की ती आपली ओंजळ त्याच्यापुढे धरायची. म्हणायची, "बघ रे, यातला तुझा कुठला?" लेकरू दोन मणी जास्तच उचलायचं. गुंजा हसायची.

एका सकाळी ती धर्मशाळेमागच्या बागेत फुलं वेचायला गेली. गुलबक्षी अजून मिटली नव्हती, गवतावर दव चमचमत होतं. तेवढ्यात कुणाचं तरी बारीक, अगदी बारीक रडणं तिच्या कानावर आलं. गुंजाने पानं बाजूला केली. तिथे करंगळीएवढी एक परी बसली होती. पंख चतुराच्या पंखांसारखे, आरपार आणि सोनेरी. परकर जास्वंदीच्या पाकळीचा.

"माझा कमरपट्टा तुटला गं!" परी म्हणाली. "दवाचे मणी होते त्याचे. ऊन चढलं की सगळे विरून जातील, आणि मग मला उडताच येणार नाही."

"रडू नकोस परीताई," गुंजा म्हणाली. "मणी शोधणं हेच तर माझं काम आहे."

तिने गवताच्या पात्याचं टोक पुढे केलं आणि एकेक थेंब अलगद टिपला. जरा जोरात धरला असता, तर मणी फुटला असता. पण गुंजाची बोटं मण्यांना सरावलेली होती. कोळ्याच्या जाळ्याचा तंतू घेऊन तिने सारा पट्टा ओवला आणि परीच्या कमरेला बांधला. परी भिर्रकन वर उडाली, आणि बागेवर गुलाबी उजेडाची बारीक बुंदी पडली.

"माग काय हवं ते!" ती म्हणाली.

गुंजाच्या मनात पहिल्यांदा भाकरी आली. मग आईचं औषध आलं. पण ती म्हणाली, "माझ्या हातांना सगळ्या मुलखांची ओवण येऊ दे. मग भाकरी मी मिळवीन, औषधही मी आणीन."

"येईल," परी म्हणाली. "एकदा पाहिलंस की हाताला येईल. पण दोन गोष्टी पाळायच्या. ज्यांची ओवण, त्यांचं नाव सांगितल्याशिवाय दागिना कुणाला द्यायचा नाही. आणि आपली ओवण शिकायला त्या लोकांतलं कुणी आलं, तर त्याला लगेच बसवून घ्यायचं. 'उद्या ये' म्हणायचं नाही. म्हणालीस, तर ती ओवण तुझ्या हातातून जाईल, आणि तू ओवलेल्या साऱ्या मण्यांतूनही सुटेल."

"एवढंच ना?" गुंजा म्हणाली. तिला ते फार सोपं वाटलं.

आणि खरंच, किती सुंदर दिवस आले! डोंगरातल्या बायकांच्या लालकाळ्या पट्ट्या गुंजाच्या बोटांतून झरझर उतरू लागल्या. समुद्राकाठच्या निळ्या माळांच्या टोकाला ती कवडी लावायची, कारण होडीवर गेलेला माणूस घरी परतावा म्हणून तिथे ती लावतात. कधी ती स्वतःच्या मनानेही नवं रचायची. डोंगराचा लाल घ्यायची, समुद्राचा निळा घ्यायची, आणि दोघांची नावं सांगायची. बकुळीखाली तिची शाळाच भरू लागली.

"दोन मणी पुढे, एक मणी मागे," ती मुलींना सांगायची. "दोरा ओढू नका, बोलवा. आपणहून येतो तो."

आईला औषध मिळालं, खोकला पळाला. चूल रोज पेटू लागली.

एकदा एका म्हाताऱ्या मीठवाल्याने तिला फडक्यात बांधलेली एक जुनी पट्टी दाखवली. "आमच्या पांढऱ्या माळावरची आहे पोरी," तो म्हणाला. "मिठाची जमीन आमची. दूरवर नुसतं पांढरं. थंडीत रोहित पक्षी येतात, तेवढाच काय तो रंग."

पट्टीचे मणी दुधासारखे शुभ्र होते आणि त्यांच्यामधून गुलाबी पक्ष्यांची एक वळणदार रांग उडत होती. गुंजा बघतच राहिली. तिने पट्टी हातात घेतली मात्र, जुना दोरा विरला आणि सगळे मणी तिच्या ओटीत सांडले. मीठवाल्याने सुस्कारा सोडला. "आता ही कुणालाच येत नाही. असू दे. तू पाहिलीस ना? तुझ्याकडे राहील."

तो गेला तो पुन्हा कधी त्या बाजारात आला नाही.

मग राजवाड्यातून बोलावणं आलं. राजकन्येच्या लग्नासाठी गळ्यापासून कमरेपर्यंत रुळणारा हार हवा होता, आणि त्यात सगळ्या मुलखांची ओवण हवी होती. गुंजा रात्रंदिवस त्यातच बुडाली. बकुळीखालची शाळा ओस पडली. मुली येऊन परत जायच्या. लग्नाच्या आदल्या दुपारी ती शेवटचा पदर ओवत होती, तेव्हा दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. पायांवर मिठाची पांढरी पुटं, ओठ सुकलेले.

"ताई, मी लाखी. पांढऱ्या माळावरून आले," ती म्हणाली. "आमची मणीपट्टी तुला येते म्हणे. मला शिकवशील? माझी आजी फार आजारी आहे. तिला ती पट्टी एकदा माझ्या गळ्यात बघायचीय. आई असती तर तिनेच..."

गुंजाने मान वर केली नाही. सुईत मणी होता, पुढचा मोजून ठेवला होता, आणि राजवाड्याचे कारभारी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

"उद्या ये हं लाखी," ती म्हणाली. "उद्या नक्की शिकवते."

"आमचा तांडा आज निघतो, ताई. मला थोडंसं दाखवलंस तरी..."

"उद्या म्हटलं ना!"

लाखी मागे वळली. पायरीवर मिठाचे ठसे ठेवून निघून गेली.

सर्रर्र असा आवाज झाला. हारातली पांढरी पट्टी आपोआप उसवली आणि मणी टपटप फरशीवर पडले. गुंजाने घाईघाईने ते गोळा केले, सुई उचलली. दोन पुढे... की तीन? पक्ष्याचा पंख कुठून वळतो? तिला काही म्हणजे काही आठवेना. काय घडलं ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ती धावत वेशीपर्यंत गेली. वाटेवर धूळ होती, तांडा नव्हता.

उसवलेला हार ओच्यात घेऊन ती राणीसमोर उभी राहिली आणि जे झालं ते तिने सांगितलं.

राणी म्हणाली, "अगं, तिथे दुसरी कुठली तरी पट्टी लाव. कुणाला कळणार आहे?"

"लाखीला कळेल, राणीसाहेब," गुंजा म्हणाली. "मला जाऊ द्या."

राणीने हार आपल्याकडे घेतला. मग स्वतःच्या हाताने तिने हाराची ती मोकळी जागा दुमडली आणि दोन्ही बाजू दोऱ्याने जोडल्या. "जा," ती म्हणाली. हार जरासा आखूड झाला.

आईने शिदोरी बांधून दिली. गुंजा वाट विचारत, चुकत कित्येक दिवस चालत राहिली. शेतं संपली, झाडं संपली, आणि मग नुसता पांढरा माळ लागला. ऊन त्यावर इतकं लखलखत होतं, की डोळे मिटूनच चालावं लागे. मीठ टाचांना झोंबत होतं. लाखी याच वाटेने आली होती आणि याच वाटेने रिकाम्या हातांनी परत गेली होती, हे तिच्या मनातून जाईना.

वस्ती दिसली तेव्हा सकाळ होती. लाखी झोपडीबाहेर मिठाच्या टोपल्या पालथ्या घालत होती. गुंजाला बघून ती उठली आणि आधी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आजी कशी आहे?" गुंजाने विचारलं.

"गेली," लाखी म्हणाली. "मी पोचले, तेव्हा होती. मी आत गेले की आधी माझ्या गळ्याला हात लावून बघायची. रोज. मग एक दिवस हात उचललाच नाही तिने."

लाखी रागावली असती, तर बरं झालं असतं. पण तिने फक्त विचारलं, "दमलीस का ताई? जेवतेस?"

गुंजा तिथेच मिठावर बसली आणि रडली. खूप रडली. मग तिने पिशवीतून ते पांढरे नि गुलाबी मणी काढले. "मला आता ती ओवण येत नाही, लाखी. माझ्याच चुकीने गेली. तुला आठवतंय का काही?"

"पक्षी आठवतात," लाखी म्हणाली. "कसे ओवायचे ते नाही."

दोघी ओवायला बसल्या. ओवलं, उसवलं. पुन्हा ओवलं, पुन्हा उसवलं. पक्षी कधी बदकासारखे होत, कधी नुसतेच ठिपके. दिवसामागून दिवस गेले. वस्तीतल्या बायका येत, बघत, मान हलवत आणि परत जात.

मग एका पहाटे माळावर खरे रोहित पक्षी उतरले. आभाळ गुलाबी, पाणी गुलाबी, मीठसुद्धा गुलाबी! आणि त्या गुलाबी उजेडातून दवाचा पट्टा झळकवत परी आली.

गुंजाने हात जोडले. "परीताई, मला तो दिवस परत दे. ती दुपार. मी सुई खाली ठेवते आणि तिला जवळ बसवते."

परीचे पंख मिटले. "गेलेला दिवस माझ्याकडेही नसतो गं," ती हळूच म्हणाली. "दुसरं काही माग."

गुंजाने आपल्या हातांकडे पाहिलं. किती मुलूख होते त्या बोटांत! डोंगर होते, समुद्र होता, वाळूचे देश होते.

"मग हे सगळं घे," ती म्हणाली. "मला दिलेली सगळी ओवण काढून घे, आणि त्याच्या बदल्यात पांढऱ्या माळाची पट्टी लाखीच्या हातांना दे. ती तिचीच आहे."

"तुझे हात साधे होतील. अगदी पहिल्यासारखे."

"होऊ देत."

परीने गुंजाच्या एकेका बोटाला स्पर्श केला. बोटांतून रंगीत ठिणग्या निघाल्या, लाल, निळ्या, हळदीच्या रंगाच्या. सगळ्या मिळून पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि लाखीच्या तळहातांत मुरल्या. "आता याला काही नियम नाही," परी म्हणाली. "आणि गुंजा, यापुढे जे शिकशील, ते मलाही काढून घेता येणार नाही." एवढं बोलून ती वर उडाली. मिठाच्या कणाकणात तिचा उजेड झळकला, सारा माळ क्षणभर एका मोठ्या मण्यासारखा चमकला, आणि परी त्यात विरघळून गेली.

लाखीने सुई उचलली. मणी आपोआप रांगेत आल्यासारखे ओवले जाऊ लागले. पहिला पक्षी झाला, त्याने मान वळवली होती. दुसरा झाला, त्याचे पंख पसरलेले होते. वस्तीतली सर्वांत म्हातारी बाई पुढे आली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "हीच गं बाई! हीच!"

पट्टी पुरी झाल्यावर गुंजा म्हणाली, "आजीला मातीत ठेवलंय तिथे ही गळ्यात घालून जाऊन ये." लाखी गेली. गुंजा सोबत गेली नाही. तिला तिथे जायचा धीर झाला नाही.

लाखी परत आली, तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. गळ्यात शुभ्र पट्टी, त्यावर उडती रांग. लहान मुलींनी तिला गराडा घातला. "मला शिकव! मला शिकव!" सगळ्या तिच्याभोवती चटईवर बसल्या, आणि अगदी कडेला गुंजाही बसली.

तिची बोटं जड झाली होती. दोरा गुंतत होता, मणी निसटत होते. आजूबाजूच्या चिमुकल्या भराभर पुढे गेल्या. लाखी उठून तिच्याजवळ आली आणि वाकून बघू लागली.

"ताई, हा मणी चुकलाय," ती म्हणाली. "उसव. मी थांबते."

गुंजाने मणी उसवला. डोळे पुसले, आणि पुन्हा सुईत घेतला.