पत्ता एक, माणसं अनेक

घोरपडे मुलींच्या वसतिगृहाचे अध्यक्ष. नाकावर माशी बसू देत नसत. कुणीतरी इंटरनेटवर निनावी लिहून त्यांची खरडपट्टी काढली, तसे ते तणतणत ऑफिसात आले.

“मजकूर इथल्याच इंटरनेटच्या पत्त्यावरून गेलाय! कॉम्प्युटरवर तुमची कारकून नसीमाच बसते. आजच काढा तिला!”

रेक्टर द्वारकाबाई जागच्या हलल्या नाहीत. “साहेब, तुमचा मोबाइल आमच्याच वायफायवर आहे ना? त्याचा बाहेर दिसणारा पत्ता बघा की.”

घोरपड्यांनी पाहिला. आकडान् आकडा तोच!

“आमचा राऊटर आतल्या सगळ्यांना बाहेर एकाच पत्त्यानं पाठवतो. पत्त्यावरून गुन्हेगार ठरवायचा, तर साहेब, आधी कुणाला काढू?”

घोरपडे चहा तसाच टाकून उठले. नसीमा कामावरच राहिली.