वळणावरच्या चार मेढी

एक होता डोंगर. राजासुद्धा होता, पण तो आपल्या गोष्टीत फक्त जेवायला येतो. तोवर त्याला राहू दे त्याच्या वाड्यात. दिन्या, पाय आत घे. हं.

तर डोंगराच्या पायथ्याशी एक गाव. गावात राहायची झुंबर. घरात तिची म्हातारी सासू आणि एवढीशी लेक, शेवंती. नवरा देवाघरी गेलेला. झुंबर रानात जायची, वाळलेलं सरपण गोळा करायची, त्याची मोळी बांधायची आणि राजाच्या मुदपाकखान्यात नेऊन द्यायची. तिथून तांदूळ मिळायचे. ते शिजले की तिघी जेवायच्या. मोळी नाही, तर भात नाही.

रानात जाताना झुंबरकडे तीन वस्तू असायच्या. एक कोयता. दुसरी आकडी, म्हणजे लांब बांबू आणि त्याच्या टोकाला लोखंडाचा वाकडा आकडा. उंचावरची वाळकी फांदी त्याने खाली ओढायची. आणि तिसरी चुंबळ, ओझ्याखाली डोक्यावर ठेवायचं कापडाचं वेटोळं. आईच्या जुन्या लुगड्याची होती ती. मऊ होती.

पण एक काम या तिन्ही वस्तूंना जमायचं नाही. भरली मोळी एकटीच्याने डोक्यावर चढत नाही, बरं का. समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. म्हणून बायका घोळक्याने रानात जातात आणि एकमेकींना हात लावतात. झुंबरला घोळका कुठून मिळणार? सासूला न्हाऊ घालून, लेकीला पेज भरवून ती निघायची, तोवर बाकीच्या निम्म्या वाटेवर परत आलेल्या असायच्या. लहान मोळी बांधायची मग, असं म्हणशील तू सुमे. पण मुदपाकखान्यातला तो भटारी मोठा खवट होता. अर्धी मोळी तो दारातूनच परत पाठवायचा.

आता त्या डोंगराच्या वळणावर एक जण उभा असायचा. ताडाएवढा उंच. डोक्यावर जटांचा हा एवढा भारा, कावळ्यांनी त्यात घरटी केलेली. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, म्हणून सगळे त्याला वळणावरचा म्हणायचे. राक्षस आहे म्हणायचे. लोकांचं काय, जरा उंच कुणी दिसला की झाला राक्षस.

एक दिवस झुंबरची मोळी बांधून झाली आणि वाटेवर चिटपाखरू नाही. तिने हाक दिली, कुणी हात लावता का हो? तेव्हा वळणावरचा म्हणाला, मी लावतो, पण तुझं गाणं मला दे. झुंबरने विचार केला, गाण्याला काय, तोंडातून येतं आणि वाऱ्यावर जातं. दिलं. मग त्याने उभ्याउभ्याच लांबलचक हात खाली सोडला आणि मोळी तिच्या डोक्यावर ठेवली. मान मात्र इकडची तिकडे हलवली नाही.

घरी आली, जेवणं झाली. शेवंती आईच्या कुशीत शिरली आणि म्हणाली, गाणं म्हण. झुंबरने तोंड उघडलं. गाणं नव्हतंच. शेवंती किती वेळ टक्क जागी राहिली बिचारी.

दुसऱ्या खेपेला वळणावरच्याने हसू मागितलं. झुंबरला तांदूळ हवे होते. तिने तेही दिलं. घरी शेवंतीने माकडासारखं तोंड करून दाखवलं, आई हसली नाही. मग तिने सशासारखं केलं, तरी नाही. शेवटी पोरीला वाटलं, आई आपल्यावर रागावलीय. ती आजीच्या पाठीमागे जाऊन लपली. झुंबरच्या काळजात चर्र झालं.

मग आली तिसरी खेप. मोळी बांधून झाली आणि वळणावरचा म्हणाला, “आज मला तुझ्या लेकीचं नाव दे.”

“ते दिलं, तर मी तिला हाक कशी मारू?”

“नको मारूस. मला तरी कोण हाक मारतं?”

झुंबरने मोळी तिथेच टाकली आणि रिकाम्या डोक्याने घरी आली. सगळं देईन, पण पोरीचं नाव देणार नाही, असं तिने मनाशी ठरवलं. घरात वाटीभर पेज होती. म्हातारी म्हणाली, माझं पोट आज जड आहे, पोरीला दे. खोटं बोलली. आज्या बोलतात असलं खोटं, तुम्हाला कळत नाही एवढंच.

सकाळी म्हातारी अंथरुणातून उठायला लागली. झुंबर धावली आणि तिला काखेत धरून एकदम उठवू लागली. तशी म्हातारी म्हणाली, “थांब गं बाई. एकदम उठवलंस तर मोडेन मी. आधी पाटावर बसते, मग पेटीवर, मग उभी राहते. थोडं थोडं उठलं की म्हातारीसुद्धा उठते.”

म्हातारी पाटावर बसली. मग पेटीवर बसली. मग उभी राहिली. झुंबर बघतच राहिली. म्हणाली, “आत्याबाई, मोळीसुद्धा अशीच उठेल का हो?”

म्हातारी म्हणाली, “माझ्यापेक्षा तिचे गुडघे बरे असतील.”

मग काय! झुंबरने शेजारून पहार मागून आणली आणि वळणावर गेली. वाळक्या लाकडातून तिने चार मेढी तोडल्या. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. दोन मेढी गुडघ्याएवढ्या, दोन खांद्याएवढ्या. पहारीने खड्डे केले, मेढी रोवल्या, दगड ठोकून घट्ट केल्या. मग कालची मोळी घेतली. एक टोक उचललं, बुटक्या मेढीवर ठेवलं. दुसरं टोक उचललं, दुसऱ्या बुटक्या मेढीवर ठेवलं. एका वेळी निम्मंच ओझं, बरं का. मग तसंच एकेक टोक उंच मेढींवर. मग डोक्यावर चुंबळ ठेवली, गुडघे वाकवून मोळीखाली शिरली आणि सरळ उभी राहिली. मोळी डोक्यावर. हात कुणाचाच नाही.

वळणावरचा हे सगळं बघत होता. झुंबर निघाली, तेव्हा तो हळूच म्हणाला, “बाई, मला उतरवशील?”

तेव्हा कुठे झुंबरने नीट वर पाहिलं. त्या जटा नव्हत्याच. ती मोळी होती. केवढी तरी मोठी, जुनी, पावसाने काळी पडलेली मोळी.

त्याने सांगितलं, राजाच्या पणजोबाच्या लग्नात त्याला सरपण आणायला पाठवलं होतं. मोळी चढवायला शंभर जण आले, उतरवायला कुणी आलं नाही. तेव्हापासून तो उभा होता. मान वाकवली तर मोडली असती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो हाक मारायचा, पण ज्यांच्या डोक्यावर मोळी, त्या बायका थांबणार कशा? एकदा उतरवली की पुन्हा चढवायची कुणी? मग एकट्याला करमेना, म्हणून तो कुणाचं गाणं, कुणाचं हसू सोबतीला मागून घ्यायला लागला आणि मोळीत खोचून ठेवायला लागला. जेवढं खोचलं, तेवढी मोळी आणखी जड झाली.

झुंबरला राग आला होता. का येऊ नये? तिची पोर दोन रात्री झोपली नव्हती. ती चार पावलं पुढेसुद्धा गेली. पण मग तिला वाटलं, मोळी तर मला आता उतरवता येते आणि परत चढवताही येते. मग थांबायला माझं काय जातं?

ती मागे फिरली. आपली मोळी तिने मेढींवर ठेवली आणि आकडी घेऊन दरडीवर चढली. वळणावर जांभळाची दोन जुनी झाडं होती, दोन्हींना बेचकं फुटलेलं. झुंबरने वरून सांगितलं, एक पाऊल डावीकडे या. आता जरा खाली व्हा. एकदम नको, थोडं थोडं. मग तिने मोळीच्या दोरात आकडी अडकवली आणि ओढली. एक टोक एका जांभळावर टेकलं. मग दुसरं टोक दुसऱ्या जांभळावर. मग वळणावरच्याने हळूच आपली मान बाहेर काढली.

आणि तो खाली बसला. नुसता बसला. पाय लांब केले. मग म्हणाला, “बसलं की असं वाटतं होय.” एवढं म्हणाला, तिथेच आडवा झाला आणि झोपला.

झुंबरने कोयत्याने मोळीचा दोर कापला. तशी आतून गाणी बाहेर पडली, हसू बाहेर पडलं. पोपटांच्या थव्यासारखी सगळी आपापल्या घराकडे उडाली. गावात कितीतरी बायका चुलीपुढे बसल्या बसल्या एकदम गायला लागल्या. शेवंती दारात उभी होती. आई दिसायच्या आधी तिला आईचं हसू ऐकू आलं, लांबून, वळणावरून. ती धावत सुटली आणि झुंबरने तिला हाक मारली. शेवंती, अशी मोठ्याने हाक मारली.

त्या मोठ्या मोळीतलं सरपण सगळ्या गावाने वाटून घेतलं. मुदपाकखान्यातही गेलं. भात शिजला आणि राजा आला, जेवला, गेला. झालं त्याचं काम.

वळणावरचा पोटभर झोपून उठला, तेव्हा तुमच्याआमच्याएवढाच झाला होता. साधा म्हातारा. झुंबरच्या घरी तो पेज प्यायला आणि परत वळणावर गेला. मेढींची डागडुजी करायची आणि येणाऱ्याला हात लावायचा, फुकट, हे त्याचं काम. आता बायका तिथे मोळ्या टेकवतात, दोन गोष्टी बोलतात, मग पुढे जातात. आणि शेवंती? त्या रात्री आईच्या गाण्याची दुसरी ओळसुद्धा तिला ऐकू आली नाही. आधीच झोपली होती.

तुम्हीही डोकी टेका आता. दिवसभरात डोक्यावर जे काही घेतलं असेल, भांडण, रुसवा, पाढे, ते राहू दे खाली. सकाळी लागलंच तर पुन्हा चढवू. थोडं थोडं.