वारुळातलं विरजण

एका उजाड माळावर एक जुनं वारूळ होतं, चांगलं पुरुषभर उंच. आत लाखभर वाळव्या राहायच्या, आणि अगदी तळाच्या दालनात होती त्यांची बाग. बाग म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर झेंडू-शेवंती आली असेल, तर ती बाजूला ठेवा. ही बाग बुरशीची. वाळवीला सुकं लाकूड चावता येतं, पण नीट पचत नाही. म्हणून ते चावून बागेत घालायचं, बुरशीने मऊ करून द्यायचं आणि मग सगळ्यांनी जेवायचं. बुरशीला बिचारीला पाय नाहीत. तिला ऊब हवी, निगा हवी, ती वाळव्यांनी राखायची.

ही निगा एक म्हातारी वाळवी राखायची. तिला सगळे माळीणकाकू म्हणत. बाकीच्या घोळक्याने लाकडाला जात, येताना सतरा गप्पा मारत. काकू मात्र जन्मभर तळाशी एकटी. घास न्यायला सगळे यायचे, पण घास हातात पडला की पाठ फिरवायचे. तिला बोलायला बुरशीशिवाय कोणी नव्हतं.

दर श्रावणात बुरशी वारुळाचं छत फोडून वर जायची. वर पांढऱ्या छत्र्या उमलायच्या आणि त्यांतून पिठासारखी बारीक बी वाऱ्यावर उडायची. माळावर नवा संसार मांडलेल्या वाळव्या ती बी वेचून न्यायच्या. दही लावायला आपण शेजारून विरजण आणतो ना, अगदी तसं. नव्या घरात बाकी सगळं असतं, विरजण तेवढं जुन्या घरातून यावं लागतं. वाळव्याही त्या बीला विरजणच म्हणायच्या.

एका श्रावणात बुरशीला कळे फुटू लागले, तशी काकू पुढे सरसावली. तिने एकेक कळा खुडून टाकला.

"अगं, हे काय करतेस?" बुरशी म्हणाली. "मला वर जाऊ दे. वर्षातून एकदाच तर मागते."

"आणि मग? तू दहा घरी नांदणार, आणि मी इथे भिंतींशी बोलत बसणार," काकू म्हणाली. "माझी कोणी कधी चौकशी केली? त्यांना फुकटचं विरजण हवं असतं. तू माझी आहेस. इथेच राहा."

"मी तुझीच आहे गं. दहा घरी गेले म्हणून इथली थोडीच कमी होणार आहे?"

काकूने ऐकलं नाही. राणीने विचारलं तर सांगितलं, छत गळतं म्हणून कळे खुडले. राणीला काय, जेवण वेळेवर मिळत होतं. पुढचे दोन श्रावणही तसेच गेले. बुरशी पूर्वीसारखं सगळ्यांना जेवू घालत राहिली, पण बोलायची कमी झाली. तिला वाईट वाटलंय हे काकूला कळत होतं. तरी ती जवळ आहे, एवढ्यावर काकूने समाधान मानलं.

चौथ्या वर्षी बागेत काळी बुरशी शिरली. काकूने खरवडली, उपसून टाकली, दिवस-दिवस पाठ टेकली नाही. पण बाग कुजत चालली.

"माझं आता खरं नाही," बुरशी क्षीण आवाजात म्हणाली. "बाहेर कुठे माझं कोणी असेल तर चिमूटभर घेऊन ये. मी पुन्हा उगवेन."

काकू जन्मात पहिल्यांदा वारुळाबाहेर पडली. पहिल्या वारुळात मुंग्यांनी बस्तान मांडलेलं होतं. दुसरं ओस पडलं होतं. तिसऱ्याची तर नुसती माती उरली होती. पाय ओढत ती माळाच्या टोकाला गेली. तिथे हातभर उंचीचं एक कोवळं वारूळ होतं. तिने दारावर डोकं आपटलं.

"कोण आहे?" आतून एकच आवाज आला.

"मी माळीण. बाग गेली माझी. चिमूटभर विरजण मिळेल का?"

आतली वाळवी दाराशी आली.

"विरजण असतं तर मी एकटी का उरले असते, बाई?" ती म्हणाली. "सगळी उपाशी गेली. श्रावणभर आम्ही रोज बाहेर येऊन बघायचो. पलीकडच्या मोठ्या वारुळावर छत्र्या येतात, असं थोरल्यांनी सांगितलं होतं. तुम्ही तिकडच्याच का? का हो नाही आल्या छत्र्या?"

काकू घाईघाईने माघारी फिरली, निदान बुरशीजवळ बसायला मिळेल म्हणून. तळाशी पोचल्यावर तिने हाक मारली, मग पुन्हा मारली. बागेतून ओ आली नाही.

तात्पर्य: ज्याच्यावर जीव आहे त्याला चार घरी जाऊ द्यावं. फक्त आपल्यापुरतं कोंडून ठेवलेलं एकदा गेलं, की ते पुन्हा मागायला जगात एकही दार उरत नाही.